कोलकात्यात सोमवारी

कोलकात्याला दोन दिवसांसाठी जाणार असाल, तर हॉटेल शोधण्याआधी कॅलेंडरात वार बघा. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय बंद असतं. चौरंगीवरचं १८१४ सालचं इंडियन म्युझियम बंद, रवींद्रनाथांची जोडासांकोची ठाकूरबाडीही बंद. कॉलेज स्ट्रीटवरची बहुतेक पुस्तकांची दुकानं रविवारी बंद. म्हणजे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायचा आपला नेहमीचा बेत या शहरात हमखास फसतो.

आमच्या हाताशी सोमवार आणि मंगळवारच होते. बरोबर सासूबाई होत्या. दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंसांची खोली बघायची, एवढीच त्यांची इच्छा. एका ट्रॅव्हल्सवाल्याला हे आधी स्पष्ट सांगितलं होतं. ‘सगळं होईल, काळजी करू नका’ म्हणत त्याने पूर्ण पैसे आगाऊ घेतले आणि नऊ ठिकाणांची छापील यादी हातात ठेवली. व्हिक्टोरियाला पोचल्यावर कळलं की तिकीट फक्त बागेचं मिळणार. म्युझियमच्या फाटकापाशी ड्रायव्हरने गाडी नुसती हळू केली. हावडा पूल तर गाडीच्या काचेतूनच मागे गेला. दक्षिणेश्वरला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता आणि मंदिर दुपारपुरतं बंद झालं होतं. ड्रायव्हर म्हणाला, उघडेपर्यंत थांबायचं तर जास्तीचे पैसे पडतील. सासूबाईंनी बाहेरूनच हात जोडले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. रोज त्याच रस्त्याने गिऱ्हाईक नेणाऱ्यांना मंदिराची वेळ ठाऊक नसते, हे मी मानायला तयार नाही. यादीत नाव आलं की त्यांचं काम झालं!

म्हणून गाडी ठरवताना ठिकाणं किती हे विचारूच नका. कुठे किती वाजता पोचणार, आत जायला मिळणार का आणि किती वेळ थांबणार, हे लिहून मागा. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याला सोडून द्या. पूर्ण पैसे आगाऊ तर कोणालाच देऊ नका.

खरं तर दक्षिणेश्वरसाठी गाडीची गरजच नाही. २०२१पासून मेट्रो तिथपर्यंत जाते. आम्ही मंगळवारी सकाळी लवकर मेट्रोनेच गेलो. शनिवारी आणि मंगळवारी तिथे गर्दी जास्त असते, पण रांग पुढे सरकत राहते. राणी रासमणींनी १८५५ साली उभारलेल्या या मंदिराच्या अंगणात, वायव्येच्या कोपऱ्यात ती खोली आहे. साधी खोली, आत पलंग, भिंतींवर देवादिकांच्या तसबिरी, पश्चिमेला गंगा. सासूबाई जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. नऊ ठिकाणांच्या यादीत एवढं बसायला कुठली सवड मिळाली असती? तिथल्याच घाटावरून बेलूर मठाला नाव जाते. मात्र मठही दुपारी बंद होतो, तेव्हा सकाळीच पलीकडे जा.

हावडा पूलही पायीच बघायचा. १९४३चा हा अजस्र पूल नटबोल्टांऐवजी रिव्हेटांनी जोडलेला आहे, हे जवळून चालताना दिसतं. पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे, तोही सकाळचाच. परत येताना फेरीबोट घ्या. २०२४पासून नदीच्या पोटातून मेट्रोही धावते, पण पुलाचा खरा आवाका होडीतूनच कळतो.

आता जेवण. त्याच सोमवारी ड्रायव्हरने ‘आपलं’ म्हणून एका हॉटेलात नेलं. मेनूकार्डावर कोलंबीपुढे आकडा नव्हता, ‘आकारानुसार’ एवढंच छापलेलं. वेटरला भाव विचारला तर ‘साइज बघून सांगतो’ म्हणाला आणि सांगायला आलाच नाही. थेट नारळाच्या दुधातली चिंगडी मलईकरी घेऊन आला. बिलात दोन कोलंब्यांचे पैसे उरलेल्या सगळ्या जेवणापेक्षा जास्त होते. तेव्हा मासा शिजायला जाण्याआधी तुकड्याचा भाव विचारा. इलिश, म्हणजे आपला पाला, पावसाळ्यातच खावा; एरवी बहुधा साठवणीतला ताटात येतो.

खरं बंगाली जेवण हवं असेल तर जुन्या ‘पाइस हॉटेलां’त जा. न्यू मार्केटजवळचं सिद्धेश्वरी आश्रम किंवा कॉलेज स्ट्रीट भागातलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल ही त्यातली नामांकित. भात, डाळ, भाजी, मासा, प्रत्येकाचे पैसे वेगळे; काही ठिकाणी केळीचं पान आणि लिंबूही बिलात येतं. पण सगळं आधी समजतं, त्यात लपवाछपवी नाही. सुरुवात शुक्तोने करा. ही कडसर भाजी बंगाली माणूस पहिल्या भाताबरोबर खातो. मात्र दुपारी वेळेवर पोचा, उशीर झाला तर चांगले मासे संपलेले असतात.

शाकाहारी मंडळींनी ‘निरामिष’ हा शब्द लक्षात ठेवावा आणि डाळीबद्दलही विचारावं. बंगाली घरांत आणि खाणावळींत माशाचं डोकं घातलेली डाळ आवडीने करतात, आणि ती नुसत्या नजरेने ओळखू येईलच असं नाही. सासूबाईंसाठी आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारत होतो. कोणीही तोंड वाकडं केलं नाही; उलट एका म्हाताऱ्या वाढप्याने त्यांच्यासाठी भाजी निराळ्या पळीने वाढली.

थंडीत गेलात, तर खजुराच्या नव्या गुळाचा, नोलेन गुडाचा संदेश खाल्ल्याशिवाय परतू नका. घरी न्यायला मात्र मऊ संदेश घेऊ नका. हावड्याहून पुण्या-मुंबईचा प्रवास दीड दिवसाच्या आसपासचा, तेवढ्यात तो आंबतो. दुकानदाराला कडक पाकाचा संदेश मागा.