कोऱ्या जीन्सला पाणी लावताना

कारखान्यात एकदाही न धुतलेल्या डेनिमच्या जीन्स मी बरीच वर्षं वापरते आहे. कोरं कापड म्हणजे खळ तशीच, नीळ तशीच. नवी असताना ती पायांवर कडक उभी राहते आणि हात पुसला तर तळवा निळा होतो. ठाण्याहून लोकलने रोज ये-जा करत या जीन्सचे रंग उतरले. या नादाचे नियम बहुतेक अमेरिका-जपानकडून आले. त्यातले काही आपल्याकडे तंतोतंत लागू पडतात. सगळ्यात गाजलेला नियम मात्र, 'सहा महिने पाणी लावू नका' हा, आपल्या हवेत साफ चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

१. रंग का उतरतो, हे आधी समजून घ्या

नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याला ती आधी रासायनिक प्रक्रियेने विरघळण्याजोगी करावी लागते, तेव्हा ती पिवळट-हिरवी दिसते. सुताचे दोर त्यात बुडवून वर काढले की हवेतला प्राणवायू लागून डोळ्यांदेखत निळे होतात. पुन्हा बुडी, पुन्हा हवा. असे थर चढत जातात, पण रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. आतलं सूत पांढरंच राहतं. शिवाय निळा असतो तो फक्त उभा धागा, आडवा रंगवतच नाहीत. म्हणून जिथे घासतं तिथे वरचा थर झिजून पांढरं दिसू लागतं आणि शेजारी, जिथे घासत नाही, तिथे निळं गडद राहतं. या दोन छटांमधल्या फरकासाठी सगळा खटाटोप. तो घर्षणातून येतो, मळातून नव्हे. पुढच्या सगळ्या सांगण्याचा पाया हाच आहे.

२. काठ बघा, पण काठालाच भुलू नका

महागड्या जीन्सचा पाय दुमडला की आत बारीक रंगीत रेघ असलेला बांधीव काठ दिसतो. माझे मामा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यांना तो दाखवला तेव्हा त्यांनी अंगठ्याने चाचपून सांगितलं, "धोट्याचा माग आहे हा. धोटा वळून परत येतो, आडवा धागा तुटत नाही, म्हणून काठ आपोआप बांधला जातो. नव्या मागांवर दर फेकीला धागा कापतात, तिथे नुसती झालर सुटते." धोट्याच्या मागावरचं कापड अरुंद निघतं, वेळ जास्त लागतो, म्हणून किंमत चढते. अमेरिकेत ग्रीन्सबरोच्या व्हाइट ओक गिरणीत असे माग चालत. १९०५ साली सुरू झालेली ती गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली, आणि गिरणगावात वाढलेल्या माणसाला त्या बातमीत काहीच परकं वाटलं नसेल. मला या मागांविषयी फार आदर आहे. तरीही सांगते, रंग कसा उतरेल ते सूत आणि रंगाई ठरवते, काठ नाही. साध्या काठाचं चांगलं रंगवलेलं डेनिम तितकंच सुंदर विटतं.

३. कमरेला थोडी आवळ घ्या, उंचीला थोडी लांब

सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० साली कापड आधीच आटवून घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या पद्धतीने तयार झालेलं डेनिम पहिल्या धुण्यात अगदी थोडं आटतं. त्याविना आलेलं मात्र दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. कापड आधी आटवलेलं आहे का, हा एकच प्रश्न दुकानदाराला नक्की विचारा. दुसऱ्या प्रकारचं असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, मग शिंप्याकडून पाय आखूड करून घ्या. कंबर मात्र वापराने सैल होते. लेबलवरच्या आकड्यापेक्षा आपल्या अंगाला बसणारी जुनी जीन्स मोजपट्टीने मोजून नेणं बरं. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने नव्वदच्या दशकात कापलेलं डेनिम, झिप आणि बटणं एका पाकिटात घालून विकली होती. लोक गल्लीतल्या शिंप्याकडून ती शिवून घेत. आपल्या मापाची जीन्स हवी असेल तर शिंप्याची वाट आजही उघडी आहे.

४. पहिले महिने सलग घाला

खळ असेपर्यंत कापड घडी लक्षात ठेवतं. जांघेपाशी, गुडघ्यामागे, घोट्यापाशी पडलेल्या चुण्या त्याच जागी पुन्हा पुन्हा पडतात, तिथेच घासतात आणि तिथेच उजळतात. जपानी लोक जांघेवरच्या रेघांना मिशा म्हणतात आणि गुडघ्यामागच्या जाळीला मधमाश्यांचं पोळं. मधेच इस्त्री केली तर सगळं विस्कटतं. या काळात पांढरे बूट, फिक्या रंगाची पर्स आणि पाहुण्यांचा सोफा जपा. निळा डाग लवकर निघत नाही.

५. आपली बसण्याची रीत कापडावर उमटते

परदेशी जीन्सचे फोटो पाहून 'माझ्या रेघा अशा का नाहीत' म्हणून पुष्कळ जण खट्टू होतात. खट्टू होण्यासारखं त्यात काही नाही. ती माणसं दिवसभर खुर्चीत बसतात. आपण मांडी घालतो. जेवायला, पूजेला, भजनाला, लहान मुलाशी खेळायला. मांडीत गुडघ्याची घडी खोल पडते, घोट्याची बाहेरची बाजू फरशीवर घासते, तिथे एक फिकट चकती उमटते. मला ती विलायती मिशांपेक्षा जास्त आवडते. स्कूटर चालवणाऱ्यांच्या मांड्या आतून उजळतात. लोकलच्या गर्दीत सॅक पुढे घ्यावी लागते. तिच्या तळाने माझ्या जीन्सच्या दोन्ही मांड्यांवर आडवे पट्टे काढले आहेत. असे पट्टे मी कुठल्याही जपानी मासिकात पाहिले नाहीत. मांडीचा एक तोटाही आहे. जांघेतल्या शिवणीवर ताण येतो. घरी आल्यावर बदलायला सैल काहीतरी ठेवा.

६. कारखान्यातलं जुनेपण घेण्याआधी विचार करा

दुकानात नवी असूनच विटलेली जीन्स मिळते, ती दगडांबरोबर घुसळून, रसायनं मारून किंवा वाळूचा झोत सोडून तशी केलेली असते. वाळूच्या धुळीने तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला, काही दगावले, आणि २००९ मध्ये तिथल्या सरकारने जीन्सवर असा झोत मारण्यावर बंदी घातली. गुडघ्यावरच्या एका फिकट डागासाठी कुणाचं फुप्फुस जावं, हे मला सहन होत नाही. कोरी जीन्स घ्यायला माझ्यापुरतं एवढं कारण पुरे होतं.

७. धुवा. वास आला की धुवा

लेव्हायचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यांच्या अंगावरची जीन्स वर्षभरात वॉशिंग मशीनमध्ये गेलेली नाही. ते वाक्य जगभर फिरलं. पुढे त्यांनीच खुलासा केला की डाग ते ब्रशने काढतात आणि गरज पडली तर हाताने धुतात. तो खुलासा कमी लोकांपर्यंत पोचला. दुसरा दाखला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा दिला जातो. तिथल्या एका विद्यार्थ्याने कोरी जीन्स पंधरा महिने न धुता वापरली. प्राध्यापक रेचेल मॅक्वीन यांनी तिच्यावरचे जीवाणू मोजले. मग ती धुऊन तेरा दिवस वापरल्यावर पुन्हा मोजले, तर संख्या जवळपास तेवढीच भरली. प्रयोग खरा आहे. पण तो एडमंटनमध्ये झाला, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली असतो आणि हवा कोरडी. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंत कंबरपट्टी ओली होते. हा घाम सुकत नाही, मुरतो. त्यात धूळ बसते, ती घडीत अडकते आणि चालताना सूत कापत राहते. जांघेत लवकर फाटलेल्या जीन्स मी पाहिल्या, त्या बहुतेक न धुता जपलेल्या होत्या.

लवकर धुतली तर दोन छटांमधला फरक थोडा सौम्य येतो, हे खरं. पण ज्या जुन्या अमेरिकन जीन्स आज संग्रहालयात जपल्या जातात, त्या खाणीत, शेतात, रेल्वेवर राबणाऱ्यांच्या होत्या. त्यांच्यासाठी ते कामाचे कपडे होते, आणि कामाचे कपडे धुतले जातात. मी उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी धुते, थंडीत त्याहून उशिरा. रोज धुवायची मात्र गरज नाही. लेव्हायच्याच २०१५ च्या हिशेबानुसार एका जीन्सच्या आयुष्यात सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं, आणि त्यातला जवळपास पाव हिस्सा आपण घरी धुण्यात खर्च करतो.

८. बादली, कोमट पाणी आणि उलटी जीन्स

मशीनच्या ड्रममध्ये कापड आडवंतिडवं मोडतं आणि भलत्याच जागी पांढऱ्या रेघा पडतात. उलटी करून बादलीत लांबट घडीने बुडवा, अर्धा तास ठेवा, हाताने दाबा. साबण सौम्य, द्रवरूप. पांढऱ्या कपड्यांना चमक आणणारी पावडर नको, ब्लीच तर अजिबात नको. दगडावर धोपटू नका, ब्रश घासू नका, पिळू नका. नळावर निथळत ठेवा. आपल्या घरांमध्ये नवा रंगीत कपडा मिठाच्या पाण्यात भिजवतात. निळीवर त्याचा उपयोग नाही, कारण ती सुताशी रासायनिक बंधाने जोडलेलीच नसते, नुसती अडकून बसलेली असते. मीठ काय किंवा व्हिनेगर काय, तिला बांधून ठेवू शकत नाही. वाळत घालताना सावली हवी. कडक ऊन निळीचा सरसकट फडशा पाडतं.

९. पावसाळ्यात विश्रांती द्या

जून ते सप्टेंबर मी जड डेनिम काढून ठेवते, धुऊन आणि पूर्ण कोरडं करून. ओलसर जीन्स कपाटात गेली की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि सूत कुजतं. पावसात भिजलीच तर घरी येताच पंख्याखाली कंबरेकडून टांगा, खिसे बाहेर काढून. खिशाचं कापड सगळ्यात शेवटी वाळतं.

१०. भोक पडायच्या आत रफूवाल्याकडे जा

दर धुण्यानंतर जीन्स उलटी करून जांघेचा भाग उजेडासमोर धरा. निळे उभे धागे तुटून नुसते आडवे पांढरे उरलेले दिसले की तीच वेळ. तेव्हा रफू कापडात मिसळून जातो आणि थोड्या पैशांत होतो. भोक पडल्यावर ठिगळच लावावं लागतं. धागा सुती मागा, पॉलिएस्टर नको. आणि रंग आजच्या जीन्सशी जुळवू नका, एक छटा फिका घ्या, कारण कापड पुढेही विटत जाणार आहे आणि गडद रफू मग वर्षभराने उठून दिसतो.