फुंकरीने यंत्र सुधारते काय?

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर पावस हे गाव आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे ते महाराष्ट्रभर परिचित झाले आहे. जवळच समुद्र, भोवती आंब्याकाजूंच्या बागा आणि वर्षातील चार महिने कोसळणारा पाऊस, असे तेथील वातावरण आहे. रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हवेत खारा ओलावा भरलेला असतो. त्यामुळे खिडकीचे गज गंजतात, कुलूप किल्लीला दाद देत नाही आणि देवघरातील तांब्याची पळी चार दिवस घासली नाही तर काळवंडते.

या ओलाव्याने ज्या वस्तू बिघडतात त्यांत आता जुनी झालेली एक वस्तू आहे. ती म्हणजे कॅसेटवर चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र. १९९० नंतरच्या दशकात अशी यंत्रे भारतातील बाजारांत स्वस्तात मिळू लागली. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या सामानातून ती कोकणातही पोहोचली. दूरचित्रवाणी संचाला यंत्र जोडावे, त्याच्या खाचेत कॅसेट खोचावी आणि भावंडांनी आळीपाळीने खेळावे, असा तो खेळ असे.

कॅसेट बदलून खेळ बदलण्याची ही युक्ती १९७६ साली अमेरिकेतील फेअरचाइल्ड या कंपनीच्या यंत्रात प्रथम आली. त्या कामाचे प्रमुख जेरी लॉसन हे अभियंता होते. पुढे जपानमधील निंटेंडो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. ही कंपनी क्योटो शहरात १८८९ साली खेळायचे पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली होती. फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली झाली. आपल्याकडे आलेली पुष्कळशी स्वस्त यंत्रे म्हणजे या फॅमिकॉमच्याच नकला होत.

मुले जिला कॅसेट म्हणत, तिच्यात गाण्याच्या कॅसेटीसारखी फीत मुळीच नसते. प्लास्टिकच्या कवचात एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावरील चकत्यांत सारा खेळ कायमचा साठवलेला असतो. पाटीच्या खालच्या कडेला धातूच्या अरुंद पट्ट्या दिसतात. फॅमिकॉमच्या कॅसेटीत अशा ६० पट्ट्या असतात, एका बाजूस ३० व दुसऱ्या बाजूस ३०. कॅसेट खाचेत बसली की प्रत्येक पट्टीला यंत्रातील एकेक लवचिक पाते टेकते. काही पट्ट्यांतून यंत्र ‘अमुक ठिकाणची माहिती दे’ असा पत्ता पाठवते, तर काहींतून ती माहिती परत येते. पत्त्यातील एक अक्षर पुसले गेले, तर पावसला पाठवलेली आंब्याची पेटी पालीला जाऊन पडायची! त्याचप्रमाणे एका पट्टीचा स्पर्श तुटला, तरी यंत्राला भलतीच माहिती मिळते आणि खेळ थांबतो.

स्पर्श तुटण्याचे कारण बहुधा मळ हेच असते. खाऱ्या हवेतील मिठाचे सूक्ष्म कण पट्टीवर बसतात. मीठ ओलावा ओढून घेते आणि त्या खारट ओलीत तांबे हळूहळू झिजू लागते. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक जसे कळकते, तसाच हा धातूचा विकार होय. चांगल्या कॅसेटींच्या पट्ट्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो घासून गेला की त्याखालचे धातू उघडे पडतात. त्यांच्यावर साचणारा थर विजेला नीट वाट देत नाही.

खेळ सुरू झाला नाही की मुले एक उपाय हटकून करीत. कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडाशी जोराने फुंकर मारायची आणि ती पुन्हा खोचायची. पुष्कळदा खेळ खरोखरच सुरू होई. जपानपासून अमेरिकेपर्यंतची मुलेही हेच करीत. मग फुंकरीत गुण आहे असे म्हणावयास हरकत कोणती?

हरकत अशी, की या उपायात एक नव्हे, तर दोन गोष्टी घडतात. मुलगा फुंकर मारतो, आणि कॅसेट काढून पुन्हा बसवतो. काढता-घालताना पट्टी व पाते एकमेकांवर घासतात, मळाचा थर थोडासा खरवडला जातो आणि स्पर्श पुन्हा जुळतो. श्रेय मात्र फुंकरीला मिळते. ही गोष्ट पडताळून पाहणे अवघड नाही. खेळ अडला की एका वेळी फुंकर मारून कॅसेट बसवावी, दुसऱ्या वेळी फुंकर न मारता नुसती काढून बसवावी, आणि प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत टिपून ठेवावे. कॅसेट पुष्कळदा फुंकरीवाचूनही चालू लागते, असे दिसून येईल.

फुंकर केवळ निरुपयोगी असती तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण तोंडातील वाफ व थुंकीचे तुषार पट्ट्यांवर बसतात आणि ज्या ओलीने रोग जडला, तीच ओल औषध म्हणून दिली जाते. आज खेळ चालतो, पण पट्ट्या मात्र आतून झिजत राहतात. म्हणूनच कॅसेटीत वा यंत्रात फुंकर मारू नये, असे निंटेंडो कंपनीनेही बजावले आहे.

तर मग खरी दुरुस्ती कशी करावी? तिचा पहिला नियम असा, की हत्यार उचलण्यापूर्वी लक्षण पाहावे. यंत्रावरील दिवाच लागत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर असण्याचा संभव अधिक. प्रथम भिंतीतील त्याच सॉकेटला दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. नंतर अडॅप्टर तपासावा. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, तर नकली यंत्रांचे आकडे निराळे असू शकतात. अडॅप्टरच्या टोकाचे धन व ऋण ध्रुवही यंत्रायंत्रांत उलटसुलट असतात. म्हणून यंत्रावर छापलेली सूचना वाचल्यावाचून दुसरा अडॅप्टर कधीही जोडू नये.

दिवा लागतो, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात, तेव्हा यंत्राचे चित्र संचापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. केबल सैल असेल किंवा संचावर योग्य वाहिनी निवडलेली नसेल. पडदा एकाच रंगाचा होऊन स्तब्ध राहिला, तर चित्राची वाट ठीक आहे, परंतु यंत्राला कॅसेट वाचता येत नाही. कधी कधी खेळ चालतो, आवाजही बरोबर येतो, पण चित्रांच्या जागी वेडेवाकडे तुकडे दिसतात. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. फॅमिकॉमच्या कॅसेटीत खेळाच्या आज्ञा व खेळातील चित्रे यांच्या वाटा वेगवेगळ्या असतात. आज्ञांची वाट मोकळी आणि चित्रांची अडलेली, असा तो प्रकार असतो.

दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एक कॅसेट चालत नसेल तर दुसरी लावून पाहावी. दुसरी चालली तर दोष पहिलीत आहे. कोणतीच चालली नाही, तर दोष यंत्राच्या खाचेत किंवा त्याच्या पोटात शोधावा. केबल, कॅसेट आणि अडॅप्टर अशी तिन्ही एकदम बदलली, तर यंत्र चालू होईलही, परंतु बिघाड कोठे होता हे कळणार नाही.

दोष कॅसेटीत आहे असे ठरल्यावर ती स्वच्छ करावी. काडीला कापूस गुंडाळून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवावा आणि पट्ट्यांवरून त्यांच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावा. कापूस काळा झाला की बदलावा. शेवटचा कापूस पांढरा राहिला म्हणजे काम झाले. नंतर कॅसेट पूर्ण वाळू द्यावी आणि मगच यंत्रात घालावी. हा द्रव चटकन पेट घेतो, म्हणून जवळ दिवा किंवा चूल नसावी, खिडकी उघडी असावी आणि घरातील मोठे माणूस शेजारी असावे. पट्ट्या पॉलिशकागदाने घासू नयेत, कारण त्याने मुलामा निघून जातो. चिंच किंवा कोकम लावून तांब्याची भांडी लखलखीत होतात हे खरे. परंतु भांडे पाण्याने खळखळून धुता येते, कॅसेट तशी धुता येत नाही. आंबटपणा तिच्यात राहिला तर तोच पट्ट्यांना खाऊ लागतो.

काही कामे मुलांनी करू नयेत. अडॅप्टर उघडू नये. जुन्या काचेच्या नळीचा दूरचित्रवाणी संच तर मुळीच उघडू नये, कारण तो बंद केल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. यंत्रातील वीज स्थिर ठेवणारे कपॅसिटर वर्षानुवर्षांनी निकामी होतात आणि चित्रावर आडवे पट्टे येऊ लागतात. ते बदलण्याचे काम सोल्डरिंग जाणणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

स्वच्छ केलेली कॅसेट पावसाळ्यात उघडी ठेवल्यास सारे श्रम वाया जातील. कोकणातील गृहिणी आंबापोळी व पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. तसाच डबा घेऊन त्यात कॅसेटी व सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ओलावा त्या पुड्या शोषून घेतात.

फुंकर मारणारा मुलगा काही आळशी नव्हता. त्याने उपाय केला आणि त्याला यशही मिळाले. त्याची चूक एवढीच, की यश मिळताच त्याने विचार थांबवला. उपाय लागू पडला म्हणजे कारण सापडले, असे होत नाही. यंत्र का चालले, हा प्रश्न ते का बंद पडले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. जो हा प्रश्न विचारतो, त्याच्या हातून यंत्र दुरुस्त होते आणि दुरुस्त राहते.

स्वाध्याय

१. पावसच्या हवेत धातूच्या पट्ट्या लवकर का खराब होतात?
२. फुंकर मारल्यावर खेळ सुरू होण्याचे खरे कारण कोणते? ते कसे पडताळून पाहता येईल?
३. पडद्यावर मुंग्या दिसणे आणि पडदा एकाच रंगाचा होणे, या दोन लक्षणांतील फरक सांगा.
४. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी’ हा नियम घरातील दुसऱ्या एखाद्या बिघडलेल्या वस्तूला लावून पाच-सहा वाक्ये लिहा.
५. ‘दाद न देणे’ व ‘वाया जाणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.