आराखडा माझा, कुलूप दुसऱ्याचं

शिरूरच्या एका बागायतदाराचा फोन आला. मी दिलेल्या मोटार कंट्रोलरवर दुसऱ्या टाकीसाठी एक फ्लोट स्विच वाढवून हवा होता. पन्नास बोर्ड लागणार होते, भाऊबंदांचेही धरून. “दादा, किरकोळ काम आहे, पंधरवड्यात द्या.” काम खरंच किरकोळ होतं: एक कनेक्टर, दोन रेझिस्टर, एक ऑप्टोकप्लर. लॅपटॉप उघडला, तर ज्या संकेतस्थळावर तीन वर्षं सगळी सर्किटं काढली तिथे ‘सेवा बंद झाली आहे’ एवढीच ओळ. तीन महिने आधी सूचनेची मेल आली होती. ती विम्याच्या आणि साड्यांच्या जाहिरातींखाली सापडली.

हाताशी उरल्या त्या पीडीएफ. पीडीएफमध्ये सर्किट दिसतं, पण असतं फक्त चित्र. आर-७ या रेझिस्टरची दुसरी बाजू ट्रान्झिस्टरच्या बेसला जाते, हे त्या रेषेला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं नेटलिस्टला, आणि नेटलिस्ट माझ्याकडे नव्हती.

मग किकॅड हे सर्किट काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. १९९२ साली फ्रान्समधल्या एका प्राध्यापकांनी, ज्याँ-पिएर शार्रास यांनी, ते लिहायला घेतलं. पुढे २०१३ पासून सर्न या प्रयोगशाळेने त्यात हात घातला. पैसे लागत नाहीत, भागांच्या संख्येवर मर्यादा नाही. पीडीएफ छापली आणि एकेक वायर काढून झाली की कागदावर पिवळा हायलायटर फिरवत बसलो. बासष्ट भाग, तीन रात्री.

तिसऱ्या रात्री दोन शब्द नीट बसेनात म्हणून ग्रिड बारीक केली आणि तशीच ठेवली. किकॅडच्या स्किमॅटिकची नेहमीची ग्रिड १.२७ मिमीची. तिच्यावरून एखादं चिन्ह अर्ध्या घराने सरकलं, की वायर पिनला टेकल्यासारखी दिसते आणि टेकलेली नसते. पिनच्या टोकाचं बारीकसं वर्तुळ तेवढं जागेवर राहतं. दिवसभर सोल्डरिंग केलेल्या डोळ्यांना ते दिसलं नाही.

ईआरसी म्हणजे जोडणीतल्या चुकांची तपासणी. ती मी चालवली होती, हे सांगताना जास्त लाज वाटते. चाळीसेक तक्रारी आल्या. बहुतेक पुरवठ्याच्या पिनांबद्दल, ‘हिला वीज कुठून येते?’ छापाच्या. नवशिक्यांना हमखास येतात. पुरवठा जिथून आत येतो त्या वायरवर पॉवर फ्लॅग नावाचं चिन्ह लावलं की बंद होतात. तो उद्योग कोण करणार म्हणून सगळ्याच तक्रारी नजरेआड केल्या. ‘ही पिन कशालाच जोडलेली नाही’ ही एकमेव खरी तक्रार त्याच गर्दीत होती.

पन्नास बोर्ड आले, भाग लागले, पण रिले काही ओढेना. मीटर लावला तर मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर ५ व्होल्ट आणि बीसी ५४७ च्या बेसवर शून्य. मधला रेझिस्टर एका बाजूने अधांतरी. दोन संध्याकाळी पन्नास निळ्या जंपर वायरी डकवत बसलो.

म्हणून आता कोणी ‘स्वस्तातलं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ विचारलं की मी उलट विचारतो, सोडायची वेळ आली तर काय घेऊन बाहेर पडाल? एक सोपी परीक्षा आहे. दोन रेझिस्टर आणि एक एलईडी काढा, फाइल जतन करा आणि नोटपॅडमध्ये उघडा. किकॅडची फाइल तशी उघडली की ‘१० के’ हे मूल्य डोळ्यांना वाचता येतं. नुसतं गिचमीड दिसलं, किंवा फाइल हातातच आली नाही, तर तिथे धंद्याचं काम ठेवू नका. शिकायला खुशाल वापरा.

ईगलचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १९८८ पासूनचं हे जर्मन सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं आणि ७ जून २०२६ ही त्याची अखेरची तारीख जाहीर केली. फुकट आवृत्तीत दोनच पानं आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड, तरी हौशी लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. पण त्याच्या फाइली आवृत्ती ६ पासून एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचता येण्याजोग्या. किकॅड त्या सरळ आत घेतं. त्या लोकांना माझ्यासारखा हायलायटर घेऊन बसायची वेळ येणार नाही.

बाकी, काम बघून हत्यार घ्यावं. बोर्ड करायचाच नाही, फक्त फिल्टर कसा वागतो ते बघायचंय, तर एलटीस्पाइस फुकट आणि उत्तम. पोराला ब्रेडबोर्डवरची जोडणी दाखवायची तर फ्रिट्झिंग. उतरवून घ्यायला थोडे युरो मागतात, ते द्यावेत. लेखात छापायला नुसती आकृती हवी, तर इंकस्केप पुरे.

किकॅडचीही एक खोड आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही. त्यामुळे काम अर्ध्यावर असताना अपडेट करायचं नाही, आणि बोर्ड गेला की त्याची फाइल, पीडीएफ, बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या गर्बर फाइली हे सगळं एका फोल्डरात घालून पेनड्राइव्हवर टाकायचं, असा नियम मी घातलाय.

पहिला बोर्ड बसवायला शिरूरला मीच गेलो. बागायतदाराने झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि निळ्या वायरीवर बोट ठेवलं. “ही दुसऱ्या टाकीची ना?”

मी हो म्हणालो.