सोलापूर : दुपार सोडून पाहायचं शहर

मराठी मंडळाच्या संमेलनाला सहकुटुंब येणाऱ्या पाहुण्यांच्या बेतात सोलापूर बहुधा नसतंच. पहिल्या दिवशी तुळजापूर, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, जमलं तर गाणगापूर, परतताना पंढरपूर. सोलापूर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. देवदर्शन जरूर करावं, पण ज्या गावात तीन-चार रात्री काढायच्या त्याच्यासाठी एक दिवसही राखू नये, हे यजमान म्हणून मनाला लागतं. ‘सोलापुरात पाहायला आहे तरी काय?’ या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की एका कुटुंबाचा दिवस भरून उरेल इतकं आहे. दिवस फसतो तो वेळ चुकल्यामुळे. सकाळ आणि संध्याकाळ फिरण्यासाठी, दुपार विश्रांतीसाठी, हे एक पथ्य पाळलं की गाव आपलंसं वाटतं; ते मोडलं की उन्हाची आणि धुळीची तेवढी आठवण घेऊन माणूस परततो.

इतिहास थोडक्यात. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. बहमनी काळात भुईकोट किल्ला उभा राहिला. शाहीर राम जोशी इथलेच. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढच्या कित्येक पिढ्या भोंग्यावर उठल्या-निजल्या. मे १९३० मध्ये इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ पुकारला; त्याच धामधुमीतल्या खटल्यात १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. ही चार नावं चार वेगवेगळ्या समाजांतली आहेत, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी एका चौकात ऐकू येणाऱ्या या गावाची घडण त्यांतूनच कळते. गिरण्या बंद पडल्या, भोंगा थांबला, त्याची हळहळ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून डोकावते.

आता मुद्द्याचं. सोलापूरची खरी सोय म्हणजे पाहायच्या जागा लांब-लांब विखुरलेल्या नाहीत. सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव, किल्ला, होम मैदान, हुतात्मा स्मृती मंदिर, पार्क चौकातले चार हुतात्म्यांचे पुतळे हे सगळं पायी जाण्याच्या अंतरात आहे. महापालिकेची इंद्रभुवन ही देखणी वास्तूही फार दूर नाही. सकाळी सातच्या सुमारास बाहेर पडावं, किल्ल्याचे बुरूज ऊन चढण्याआधी पाहावेत, पुतळ्यांपाशी मुलांना ती चार नावं मोठ्यानं वाचायला लावावीत आणि भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं स्मारक बघून नाश्त्याला बसावं. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. व्ही. शांतारामांचा त्याच्यावरचा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्या आजी-आजोबांकडे सांगण्यासारखं बरंच असेल. त्यांना सांगू द्यावं. अकरापर्यंत एवढं सगळं न धावता होतं.

अकरानंतर मात्र मुक्कामी परतावं. ‘मग अर्धा दिवस वायाच गेला की,’ असा आक्षेप हमखास येतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि थंडीच्या दिवसांतही दुपारचं ऊन पुण्या-मुंबईच्या माणसाला झेपत नाही. काळा दगड तापतो, मुलं किरकिरतात, वडीलधाऱ्यांना चक्कर येते आणि संध्याकाळी कोणातच त्राण उरत नाही. दुपारचे चार तास वाचवायला जावं तर संध्याकाळचे पाच तास हातचे जातात. ‘आमची गाडी वातानुकूलित आहे’ हेही उत्तर पुरेसं नाही. गाडी किल्ल्याच्या दारापर्यंत येते, पुढे चालावंच लागतं. ज्यांच्या मुलांना पडून राहवतच नाही त्यांनी पुणे रस्त्यावर केगावच्या विज्ञान केंद्रात जावं. तिथे छप्पर आहे आणि हाताळून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा.

चारनंतर शहर पुन्हा जागं होतं. ‘मुलांना इथे कंटाळा येईल’ असं म्हणणाऱ्यांनी पूर्व भागातला एखादा यंत्रमाग कारखाना त्यांना दाखवावा. जेकार्डच्या मागावर डोक्याच्या वर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना शिवून माळेसारख्या सोडलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला भोकं. भोक आलं की त्या जागचा दोरा उचलला जातो, भोक नसेल तिथे खालीच राहतो; पट्टी सरकते, धोटा जातो, आणि बघता बघता चादरीवर मोराची मान उमटते. संगणकाची मूळ कल्पना मुलांना समजावून सांगायला याहून सोपी जागा नाही. कारखाना म्हणजे प्रदर्शन नव्हे, तेव्हा मालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्यावी, आणि चालत्या मागाजवळ ओढणी, पदर, मोकळे केस सांभाळावेत. हे मुद्दाम सांगतो, कारण एवढ्यातच अपघात होतात. तिथून दिवेलागणीला सिद्धेश्वर तलावावर यावं. पाण्यामधल्या देवळाचे दिवे लागताना पाहणं हा या दिवसाचा कळस आहे. रात्री हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक असेल तर तिकिटं सकाळीच काढून ठेवावीत.

राहण्याविषयी मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. पहिली गोष्ट, प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र सोबत हवं, ते मूळ हवं आणि हाताशी हवं. मोबाइलमधला फोटो चालेलच असं धरून चालू नका. दुसरी गोष्ट परदेशातून येणाऱ्यांसाठी. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड असूनही मुक्कामाच्या जागी परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, आणि छोट्या लॉजवाल्यांना ती कटकट नको असते. ‘आम्ही मूळचे इथलेच’ हे कितीही खरं असलं तरी रात्री अकरा वाजता त्यानं खोली मिळत नाही. खोली ठरवतानाच हे बोलून घ्या. तिसरी गोष्ट, भाड्याचा हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हे आधी विचारा. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येणारा सकाळीच उतरतो. बाराचा हिशेब असेल तर त्याला काही तासांसाठी अख्ख्या दिवसाचं भाडं पडू शकतं. चौथी गोष्ट पाण्याची. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून इथे येतं, तरी नळाला रोज येत नाही; काही दिवसांआड येतं. हे आमचं जुनं दुखणं आहे. तेव्हा घरगुती मुक्कामाला असाल तर भरलेल्या पिंपावर यजमानांचा आठवडा चालतो, हे ध्यानात ठेवून बादलीनं अंघोळ करा. पिण्याचं पाणी बाटलीत सोबत ठेवा.

रिक्षात बसण्यापूर्वी ‘स्पेशल की सीटवर?’ हे ठरवून घ्या आणि भाडं तोंडी पक्कं करा. मीटरची वाट पाहू नका. वाद बहुतेक वेळा न विचारल्यामुळेच होतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास येणार असाल तर तेव्हा गड्डा यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि होम मैदानावरची शोभेची दारू पाहण्यासारखी आहे. पण त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत, म्हणून महिना-दोन महिने आधी ठरवा. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगापोळी आवर्जून खा. चटणी उखळात कुटून तेल सुटेपर्यंत केलेली असते आणि तिखट असते. लहान मुलांना दह्यातून द्या. शेंगदाणा इथे जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो, त्यामुळे ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी दर ताटाला विचारावं. यात भीड नको.

‘सोलापुरी चादर आमच्या गावातही मिळते, मग इथे का घ्यायची?’ हा आणखी एक आक्षेप. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावानं देशभर विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते. घेताना घडी उलगडा. विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग तेवढे उलटतात. छापलेली एकाच बाजूला उठून दिसते. काठाशी देवनागरीत ‘सोलापूर चादर’ ही अक्षरं आहेत का पाहा. दुपारी पेंगत, गाडीची वेळ सांभाळत केलेल्या खरेदीत ही उलगडून पाहण्याची सवड नसते, आणि फसगत तिथेच होते. इथेही मुद्दा तोच: वेळ नीट वाटली तर वस्तू नीट पारखली जाते.

ज्यांच्याकडे आणखी एक सकाळ असेल त्यांनी चाळीसेक किलोमीटरवरच्या हत्तरसंग-कुडलला जावं. भीमा आणि सीनेच्या संगमावरच्या त्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मानतात. मराठी बोलणाऱ्यांचं मंडळ सोलापूरला येऊन या दगडापर्यंत न जाता परतलं, तर ती चुकामूक मनाला लागण्यासारखी आहे. तिथे सावली कमी आहे. तेव्हा सकाळी सहाला निघा.