सर्व्हरचा कंट्रोलर आणि आमची खतावणी : एक अनुभवपाठ

रुग्णसेवेच्या अहवालात यंत्राच्या बिघाडास स्थान का द्यावे, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु गेल्या मे महिन्यात चार दिवस आमचा नोंदणी कक्ष कागद-पेन्सिलीवर चालला. कारंजा (घाडगे) परिसरातून आलेल्या एका गर्भवती भगिनीच्या पूर्वीच्या शस्त्रक्रियेची नोंद डॉक्टरांना पाहता आली नाही. तिच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. त्यांचे शुल्क घेतले नाही. पण तिचा गेलेला वेळ आम्ही परत करू शकलो नाही. म्हणून हा पाठ येथे नमूद करीत आहोत.

आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकातच रुग्णनोंदींचे संगणकीकरण केले. आमच्यासारख्या लहान संस्था त्याच वाटेने निघाल्या. सर्व्हरमध्ये पाच डिस्क असून त्यांवर माहिती अशा रीतीने विभागलेली असते की एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही. ‘रेड’ नावाच्या या पद्धतीची मांडणी १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी आपल्या निबंधात केली. या सर्व डिस्कचा कारभार पाहणारे कार्ड म्हणजे कंट्रोलर. त्यावरील तात्पुरत्या स्मृतीत माहिती क्षणभर थांबते व वीज गेल्यास एक छोटी बॅटरी ती जपते.

बिघाडाची सुरुवात संथपणाने झाली. पावती निघण्यास विलंब होऊ लागला. गुरुवारी तिसऱ्या डिस्कवरील दिवा पिवळा झाला. पुरवठादाराच्या सल्ल्याने आम्ही शिलकीतील डिस्क बसविली व शुक्रवारी माहितीची पुनर्बांधणी पूर्ण झाली. शनिवारी पहाटे पहिली व चौथी डिस्क एकाच वेळी बाद झाली आणि सर्व्हर थांबला. दूरध्वनीवरून पुन्हा उत्तर आले, “डिस्क बदला.”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; यंत्रज्ञान माझा विषय नव्हे. तथापि तीन निरनिराळ्या खात्यांत एकाच आठवड्यात चूक आढळली, तर हिशेबनीस प्रथम ती खाती लिहिणाऱ्या हाताकडे पाहतो. काढून ठेवलेली तिसरी डिस्क दुसऱ्या संगणकावर तपासली, ती निर्दोष निघाली. मग आमच्या संगणक विभागातील कर्मचाऱ्याने कंट्रोलरची घटना-नोंद काढली. कार्ड वारंवार आपोआप पुन्हा सुरू होत होते आणि बॅटरीच्या अतितापमानाचे इशारे कित्येक दिवस येत होते. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. सर्व्हर कक्षातील वातानुकूलन यंत्र रात्री बंद ठेवले जात असे. काटकसर म्हणून तो आदेश मीच दिला होता.

ही नोंद लेखी पाठविल्यावर पुरवठादाराने कंट्रोलर बदलण्याचे मान्य केले. मात्र करारातील ‘पुढील कामकाजाचा दिवस’ हा दुरुस्तीचा नसून सुटा भाग रवाना करण्याचा होता, आणि तोही दोष मान्य झाल्यानंतरचा. सही करताना मी ते वाक्य वाचले होते. समजून घेतले नव्हते.

मंगळवारी नवे कार्ड बसले. डिस्कवरील जुनी मांडणी त्याला परकी दिसली. ती पुसून नव्याने सुरुवात करावी, असे दूरध्वनीवरील प्रतिनिधीने सांगितले. आमच्या कर्मचाऱ्याने लेखी सूचनेवाचून कळ दाबण्यास नम्र नकार दिला. दोन तासांनी वरिष्ठ अभियंत्याचे पत्र आले : मांडणी पुसू नये, आयात करावी. तसे केल्यावर सर्व नोंदी दिसू लागल्या. ती कळ दाबली असती तर आमच्याजवळ उरली असती ती आदल्या मंगळवार रात्रीची बॅकअप प्रत. यानंतर रोकडवही व पावती क्रमांक ताडून पाहिले. शुक्रवार रात्रीच्या अकरा पावत्या संगणकात नव्हत्या; त्या स्थळप्रतींवरून पुन्हा भरल्या.

या प्रसंगातून घेतलेला बोध असा :

१. अनेक डिस्क एकदम बाद झाल्यास प्रथम कंट्रोलर, केबल व तापमान तपासावे. डिस्क काढण्यापूर्वी त्यांचा क्रम लिहून ठेवावा.

२. ‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे. एकाच कपाटातील दोन खतावण्या आगीत सोबतच जळतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने स्वतः जाहीर केले की तिच्या काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर निकामी होतील. उपाय फर्मवेअर बदलण्याचा होता. एकाच दिवशी सुरू केलेल्या अशा डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार, हे उघड आहे.

३. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, वेळ व बोलणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. माहिती पुसणारी कोणतीही सूचना लेखी मिळाल्याशिवाय पाळू नये.

४. करारात भाग येण्याची नव्हे, तर सेवा पूर्ववत होण्याची मुदत मागावी.

आता बॅकअप रोज रात्री घेतला जातो, त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत राहते आणि दरमहा ती उघडून पाहिली जाते. सर्व्हर कक्षाचे वातानुकूलन रात्रंदिवस सुरू असते. वीजबिलातील ही वाढ सन्माननीय विश्वस्तांनी व देणगीदारांनी खर्च न समजता रुग्णांच्या नोंदींचे रक्षण समजावे, ही नम्र विनंती.