मसुराचं वरण आणि बोटावरची शाई



२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. त्याच्या आधीच्या रविवारी संडे स्कूलमध्ये मी मुलांना एसावाची गोष्ट सांगत होते. रानातून दमूनभागून आलेला थोरला भाऊ, चुलीवर रटरटणारं मसुराचं वरण, आणि त्या एका वाडग्यापायी धाकट्याला देऊन टाकलेला थोरलेपणाचा हक्क. मुलांना ही गोष्ट लगेच कळते, कारण भूक सगळ्यांनाच कळते. शेवटी मी विचारलं, "असा आपला हक्क विकलेला तुम्ही कुठं पाहिलाय का?" दुसऱ्या रांगेतला एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाई, आमच्याकडं पाकिटं आलीत. चार मतं, चार पाकिटं. पप्पांनी बायबलच्या कपाटात ठेवलीत."

तो तक्रार करत नव्हता, चहाडीही करत नव्हता. मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि त्यानंच माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून तुम्हा पालकांशी बोलायचं मनात आहे.

मी कुणाला दोष द्यायला बसलेली नाही. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीवर निवडणुकीच्या आदल्या रात्री साड्या वाटल्या गेल्या. आईनं घेतली आणि त्याच वर्षी नाताळच्या उपासनेला नेसली. ती मन लावून प्रार्थना करणारी बाई होती. वर्षाला एक नवं लुगडं मिळण्याची मारामार असलेल्या घरात साडी चालत आली तर ती परत कोण करणार? दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईच्या हातात कुणी पाचशेची नोट ठेवली, तर तिच्यापेक्षा ती नोट ठेवणाऱ्याला देवापुढं जास्त उत्तर द्यावं लागेल, असं मी मानते. एसावही भुकेलाच होता, आणि भुकेल्या भावाशी सौदा करणाऱ्या याकोबालाही पुढं घर सोडून पळावं लागलं.

पण आज आपल्यापैकी बऱ्याच जणांची पोरं शिकली आहेत, घरात दोन पैसे आले आहेत. तरी पाकीट येतं आणि आपण घेतो. वर म्हणतो, "घेतलं म्हणून काय झालं, मत तर मनाचंच देणार." हे वाक्य मुलांच्या कानावर पडतं. त्यातून मुलं दोन गोष्टी शिकतात: शब्द द्यायला हरकत नाही, आणि दिलेला शब्द पाळायची गरज नाही. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी पैसे देणं हा जसा गुन्हा, तसाच घेणं हाही गुन्हाच. पण मला कायद्यापेक्षा त्या कपाटाची काळजी वाटते. बायबल आणि पाकीट एका फळीवर ठेवलेलं मुलानं पाहिलं की त्यातलं काय खरं, हे तो आपल्याला विचारत बसत नाही. तो मनातल्या मनात ठरवून टाकतो.

मग हे मत आहे तरी कशासाठी? आपल्या मंडळ्यांमध्ये निवडणूक आली की एक बैठक होते. उमेदवार येतो, हार होतात. आपण म्हणतो, साहेब, दफनभूमीला भिंत नाही, चर्चपुढं पेव्हिंग ब्लॉक हवेत. तो म्हणतो, "तुमची एवढी मतं आहेत, गठ्ठा द्या, काम झालंच समजा." दफनभूमीला भिंत मागण्यात काहीच चूक नाही. आपल्या माणसांच्या माती पडलेल्या जागेवर गुरं फिरू नयेत, एवढी अपेक्षा कुठल्याही नागरिकानं करावी, आणि ती निवडणूक असो-नसो वर्षभर करावी. पण त्या भिंतीच्या बदल्यात आपण असं कबूल केलं की, बाकी हा माणूस शेजारच्या वस्तीचं पाणी तोडो, मजुराची मजुरी बुडवो, दोन धर्मांत आग लावो, आम्ही विचारणार नाही, तर तोही मसुराच्या वरणाचाच वाडगा झाला. फरक एवढाच की तो सगळ्या मंडळीनं मिळून खाल्ला.

आपल्या आधीच्या पिढीनं याबाबत एक मोठी गोष्ट केली आहे, ती मुलांना जरूर सांगा. ब्रिटिशांच्या काळात ख्रिस्ती मतदारांसाठी वेगळे मतदारसंघ होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्याऐवजी राखीव जागांचा विचार झाला आणि १९४७ मध्ये घटना समितीनं तो मान्यही केला. पण १९४९ च्या मे महिन्यात धर्माच्या नावावरच्या या राखीव जागा नकोत असा ठराव पुढं आला. तो मांडणारे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे घटना समितीचे उपाध्यक्ष होते आणि स्वतः ख्रिस्ती होते. आपल्या माणसांनी आपणहून म्हटलं की आम्हाला वेगळा पाट नको, आम्ही सगळ्यांच्या पंगतीत बसू. त्यांनी देशावर विश्वास टाकला. आज आपण गठ्ठा बांधून मत देतो, तेव्हा त्यांनी सोडलेला तोच वेगळा पाट पुन्हा मांडतो, आणि तोही विकायला.

आपल्या नगर जिल्ह्यातली श्रद्धेची वाट तर याहून जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ ला सुरू झालं. सिंथिया फॅरार या बाईंनी इथं मुलींसाठी शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरच्याच मातीत विसावा घेतला. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते त्यांच्याकडंही. त्या शाळेतून जे पेरलं गेलं ते कुठल्या एका धर्माच्या मुलींपुरतं राहिलं का? १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तेव्हा त्याचं दार साऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना उघडं होतं. आपली श्रद्धा या जिल्ह्यात मोठी झाली ती शेजाऱ्यासाठी काही केल्यामुळं. म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं: मत माझं असतं, पण ते मी शेजाऱ्यासाठी द्यायचं असतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकसुद्धा पुरती भरली नाहीत. इतक्या थोड्या लोकांच्या मतानं सरकार बदलणार नाही. पण मीठ थोडंच लागतं, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

मग माणूस निवडायचा कसा? मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवून थकला, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो यानं सल्ला दिला: लोकांमधून कर्तबगार, देवाला भिणारी, खरेपणानं वागणारी आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसं निवड. बायबलमधली उमेदवाराची ही सगळ्यात नेमकी पारख. आणि ती सांगणारा इथ्रो इस्राएली नव्हता, मिद्यानचा याजक होता. परक्या धर्माच्या माणसाचं शहाणपण मोशेनं ऐकलं आणि तसंच केलं. पुढं देवानं आपल्या लोकांना बंदिवासातून सोडवलं तेही पारसाच्या कोरेश राजाच्या हातून. तेव्हा उमेदवाराचं आडनाव आपल्यातलं आहे की नाही, एवढ्यावर थांबू नका. त्याच्या आधीच्या पाच वर्षांकडं बघा. दुष्काळात टँकर कुणाच्या वस्तीवर आधी गेला? विधवेचं पेन्शनचं काम त्यानं पैसे न घेता केलं का? भांडण पेटलं तेव्हा तो विझवायला गेला की तेल घेऊन? ही चर्चा जेवताना मुलांसमोर करा. नाव त्यांना सांगितलं नाही तरी चालेल, पण ते कसं निवडलं हे त्यांनी ऐकलं पाहिजे.

पाळकसाहेबांनी आणि फादरांनी काय करावं, असंही काही जण विचारतात. त्यांनी ही पारख शिकवावी, नाव सांगू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरवला आहे. अमुक केलंत तर देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणंही त्याच कलमात येतं. आणि कायदा नसता तरी, देवाच्या नावानं कुणाच्या सदसद्विवेकावर ओझं टाकणं हे व्यासपीठाला शोभत नाही.

हेच घरालाही लागू आहे. कितीतरी घरांत बाई मतदानाला निघताना विचारते, "कुणाला द्यायचं?" आणि नवरा चिन्ह सांगतो. अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० ला. मधली काही वर्षं ताटातुटीत गेली, नंतरची एका छपराखाली दोन श्रद्धा घेऊन. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या वेळेला ख्रिस्ताच्या वाटेवर आल्या, आणि त्यांनी तो सगळा प्रवास 'स्मृतिचित्रे'त किती मोकळेपणानं लिहिला आहे! श्रद्धेसारख्या गोष्टीतही जर एका माणसाला दुसऱ्याच्या वतीनं निर्णय घेता येत नाही, तर मताचं काय? आईनं आपलं मत आपण ठरवलेलं ज्या मुलीनं पाहिलं, ती उद्या आपलं मत कुणाच्या हाती सोपवणार नाही. घरात दोन मतं वेगळी पडली तर पडू द्या. त्यावरून जेवणाची ताटं वेगळी होऊ नयेत, एवढं सांभाळा.

आता एक दुखरी गोष्ट. तुमची तरुण मुलं ती विचारतीलच, तेव्हा टाळू नका. शिर्डी लोकसभा आणि श्रीरामपूर विधानसभा हे दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जिथं दर सप्टेंबरात लाखो पावलं येतात, ते गाव याच श्रीरामपूर तालुक्यातलं. पण अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं, ज्यांचे आजे-पणजे महार-मांग वाड्यांतून ख्रिस्ताकडं आले, त्यांना त्या जागांवर उभं राहता येत नाही. या आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाजाचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. प्रश्न न्यायालयात आहे, २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. "आम्ही फक्त मत द्यायचं, मागायचं नाही?" असं मुलगा विचारेल, आणि त्याचा राग खोटा नाही. त्याला सांगा की हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला उभं करून विचारायचा, सभेत विचारायचा, लेखी विचारायचा. पण आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावरच्या अन्यायाकडं डोळेझाक करायची मुभा ख्रिस्त कुणालाच देत नाही. स्वतःची जखम ज्याला ठाऊक आहे त्यानंच रस्त्याकडेला पडलेल्याजवळ आधी थांबायचं असतं.

शिवाय उभं राहायच्या जागा आणखीही आहेत. योथामानं शखेमच्या लोकांना सांगितलेली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. झाडं आपला राजा शोधायला निघाली. जैतून म्हणाला, मी माझं तेल सोडू का? अंजीर आपली गोडी सोडेना, द्राक्षवेल आपला रस सोडेना. शेवटी काटेरी झुडूप हो म्हणालं, आणि सावलीच्या नावानं त्यानं सगळ्यांना आगीचा धाक घातला. आपल्यातली चांगली माणसं "राजकारण घाण आहे" म्हणत घरी बसतात, तेव्हा गावाला बाभळीचीच सावली मिळते. सुरुवात लहान ठेवा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असावेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुमच्या मुलाच्या शाळेची ही समिती कधी बसते, पोषण आहाराचा हिशोब कोण बघतं, हे विचारलंत का? ग्रामसभेत उठून एकदा तरी बोललात का? हिवरे बाजारसारखं गाव आपल्याच जिल्ह्यात ग्रामसभेच्या बळावर उभं राहिलं. आणि घरातल्या लेकराला सतरा वर्षं पूर्ण झाली की मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो. तो त्याच्याकडून भरून घ्या, तुम्ही परस्पर भरू नका.

मतदानाच्या आदल्या रात्री घरची प्रार्थना जरा लांबवा. उमेदवारांच्या आधी शेजाऱ्यांची नावं घ्या: ज्याचा बोअर आटला तो, जिची पोरगी गावात हायस्कूल नाही म्हणून घरी बसली ती, ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेलं कुटुंब, मशिदीजवळचा दुकानदार, पारावरचे म्हातारे. ही नावं मनात घेऊन सकाळी बटण दाबा. आणि रात्री दारावर कुणी पाकीट घेऊन आलं, तर हात जोडून, शांतपणे, मुलांच्या देखत परत करा. देणाऱ्याला उपदेश नको, शिव्याशाप नकोत. "आमचं मत विकायला नाही, दादा" एवढं पुरे.

तो दुसऱ्या रांगेतला मुलगा २०३२ मध्ये अठरा वर्षांचा होईल. तोवर त्याच्या घरासमोरून ग्रामपंचायत, झेडपी, सोसायटी, विधानसभा, लोकसभा अशा कितीतरी निवडणुका जातील. प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या रात्री तो त्या कपाटाकडं बघणार आहे. तिथं नुसतं बायबल असू द्या.