चंचल मूल आणि त्याचे वजन

बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात नंदीचे प्रसिद्ध देऊळ आहे. तेथील दगडी नंदी सतत वाढत असे आणि मस्तकावर त्रिशूळ बसवल्यावर तो थांबला, अशी आख्यायिका सांगतात. मुलांच्या वाढत्या वजनावर मात्र असा एका घावाचा उपाय नाही.

समजा, याच भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात ९ वर्षांचा मुलगा आहे. अभ्यासाला बसला की पाचव्या मिनिटाला तो उठतो. येता-जाता डब्यात हात घालतो. नातेवाईक त्याला 'खादाड' म्हणतात आणि आईला ऐकवतात, 'तूच लाडावून ठेवलेस.' हे दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत.

लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावळेपणा ही लक्षणे असणाऱ्या या अवस्थेला 'एडीएचडी' म्हणतात. तिचा संबंध मेंदूच्या विकासाशी आहे. ती लाडांमुळे उद्भवत नाही. समोर दिसलेली वस्तू उचलण्याची ऊर्मी अशा मुलाला आवरत नाही. अशा मुलांत स्थूलता अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. काही औषधांमुळे दिवसा भूक मंदावते आणि संध्याकाळी ती एकदम खवळते. तरीही औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.

म्हणजे ज्या संयमाची आपण मुलाकडून अपेक्षा करतो, तोच त्याच्यापाशी अपुरा असतो. तेव्हा बदलाचा भार मोठ्यांनी उचलायला हवा. अमेरिकेतील लिओनार्ड एपस्टाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल मुलांच्या कुटुंबांचा १० वर्षे पाठपुरावा करून १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पालक आणि मूल या दोघांनाही सवयी बदलायला शिकवले, त्या गटातील मुलांची स्थूलता १० वर्षांनंतरही घटलेली होती. ती मुले चंचल म्हणून निवडलेली नव्हती. पण ज्याला स्वतःला आवरणे जड जाते, त्याला तर घराचा आधार अधिकच हवा.

आता घरात काय करता येईल? बिस्किटांचा डबा ओट्यावर ठेवून 'खाऊ नकोस' म्हणणे व्यर्थ आहे. तो घरात न आणणे सोपे. भावाला वेफर्स आणि याला काकडी, असा भेदही नको. 'नीट जेव' ही सूचना फार मोघम आहे. त्याऐवजी 'घास चावून खा' म्हणावे आणि त्याने तसे केले की लगेच कौतुक करावे. महिनाअखेरच्या बक्षिसापर्यंत त्याचा धीर टिकत नाही. बक्षीस खाण्याचे नसावे. गांधी बाजारात भाजी निवडण्याचे काम त्याला द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार या वयात रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी. कृष्णराव उद्यानात पकडापकडी खेळूनही ती होते. कार्तिकात बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. त्या शेंगांवर बंदी कशाला? वाटीभर शेंगा सोलून खाताना हात गुंततात आणि खाण्याचा वेगही मंदावतो.

वाढत्या वयात वजन उतरवण्याची घाई नसावी. पुष्कळदा ते स्थिर राहिले आणि उंची वाढली, तरी पुरते. किती ते डॉक्टर वाढीच्या तक्त्यावरून ठरवतील.

कृती : तुमच्या स्वयंपाकघरात मुलाच्या नजरेच्या टप्प्यात कोणते पदार्थ असतात, ते ३ दिवस वहीत लिहा. त्यांपैकी कोणते कोणी आणले, तेही नोंदवा.